तीन पोकळ कण

पुण्याहून फोटो आले तेव्हा मी कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये बसले होते. एप्रिल होता, दुपारचा दीड वाजला होता आणि डोक्यावरचा पंखा गरम हवाच खाली ढकलत होता. मेल उघडायचा धीर होईना. आधी चहा संपवला. मग उगाच पर्स आवरली. मग उघडला. बारा फोटो होते आणि बाराही फोटोंत काळेभोर, गोल, सुबक गोळे. बघणारा म्हणाला असता, किती छान आलेत. मी मोबाइल टेबलावर पालथा घातला. गोळे काळे होते, म्हणजे भरीव होते. मला पोकळ हवे होते. दीड वर्ष झालं तरी एकही पोकळ गोळा माझ्या हाती लागला नव्हता.

मी तेव्हा सोलापुरातल्या एका कॉलेजच्या संशोधन केंद्रात रसायनशास्त्राची पीएच.डी. करत होते. विषय होता सिलिकाचे पोकळ आणि सच्छिद्र नॅनोकण. सिलिका म्हणजे शेवटी वाळूच. त्या वाळूचे इतके बारीक गोळे करायचे की एका केसाच्या जाडीत शेकड्यांनी मावावेत. तेही आतून रिकामे, आणि वरच्या कवचाला त्याहून बारीक छिद्रं. आत औषध भरलं तर ते छिद्रांतून सावकाश पाझरतं, म्हणून जगभर या कणांमागे लोक लागलेले.

कृती कागदावर सोपी आहे. आधी प्लॅस्टिकचे अतिसूक्ष्म मणी करून घ्यायचे. ते पाणी आणि अल्कोहोलच्या मिश्रणात ढवळत ठेवायचे. त्यात साबणाच्या जातीचा एक पदार्थ घालायचा, थोडा अमोनिया घालायचा, आणि मग ज्यातून सिलिका तयार होते ते द्रव रसायन थेंब थेंब सोडायचं. दुधावर साय धरावी तशी सिलिका मण्यांवर बसते. मग ती भुकटी सुकवून भट्टीत तापवायची. आतला मणी जळून जातो आणि कवच मागे राहतं. साबणाचे रेणूही जळतात आणि त्यांच्या जागी छिद्रं राहतात. हे झालं की नाही ते डोळ्यांना दिसत नाही. त्यासाठी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक लागतो, तो सोलापुरात आम्हाला उपलब्ध नव्हता. पुण्याच्या एका संस्थेत नमुना पाठवायचा आणि नंबर लागायची वाट बघायची. पोकळ कण फोटोत बांगडीसारखा दिसतो, कड काळी आणि मध्ये फिकट. भरीव कण टिकलीसारखा. मला दीड वर्ष टिकल्याच मिळत होत्या.

ही कृती माझी नव्हती. माझ्या आधी त्याच प्रयोगशाळेतून, त्याच सरांच्या हाताखाली एक जण पीएच.डी. होऊन गेला होता. आम्ही सगळे त्याला दादा म्हणायचो. त्याच्या प्रबंधात, आणि सरांबरोबर त्यानं छापलेल्या पेपरात, एक फोटो होता. शेजारी शेजारी तीन बांगड्या, इतक्या रेखीव की कंपासनं काढल्यासारख्या. सरांनी त्या फोटोची मोठी प्रत प्रयोगशाळेच्या दाराशेजारी लावली होती. माझं काम दादाच्या पुढचं होतं. ते कण करायचे आणि त्यांत औषध भरून किती वेळात बाहेर येतं ते मोजायचं. कण करणं हा माझा विषयच नव्हता. ते पहिल्या दोन महिन्यांत उरकायचं, असं सर म्हणाले होते.

दादाची वही माझ्याकडे होती. किती ग्रॅम, किती मिली, किती वेळ ढवळायचं, सगळं नीट लिहिलेलं. तापमानाच्या जागी एकच शब्द होता: खोलीचं. मी त्या वहीतलं अक्षर न् अक्षर पाळलं. त्याच कंपनीची रसायनं मागवली. त्यानं वापरलेला ढवळायचा यंत्रसंचच वापरला, त्याच्या वेगाचा काटाही त्यानं पेन्सिलीनं खूण केलेल्या जागीच ठेवला. टिकल्याच.

शिवाय अडचणी होत्याच, आणि त्या अशा की कुणाला सांगायचीही लाज वाटावी. आमच्या शहरात नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं. प्रयोगाला शुद्ध पाणी लागतं, आणि शुद्ध पाणी करायच्या यंत्राला थंड ठेवायला नळाचं पाणी सतत वाहतं लागतं. टाकी रिकामी झाली की माझं काम बंद. मग मी घरमालकिणीकडून कॅन भरून आणायचे. सात रस्त्याजवळ एका तेलुगू विणकर कुटुंबाच्या घरात मी वरची खोली घेऊन राहायचे. मालकीणबाईंना मी अक्का म्हणायचे. त्यांच्याकडे पाण्याच्या दिवशी हंड्यापासून वाटीपर्यंत सगळं भरून ठेवलेलं असायचं. त्या कॅन देताना म्हणायच्या, "हे पाणी तू उकळून परत पाणीच करतीस?" मी हो म्हणायचे. यावर काही स्पष्टीकरण द्यायची ताकद नसायची.

लाइटचं तसंच. भट्टी साडेपाचशे अंशांपर्यंत न्यायची, तीही सावकाश. दुरुस्तीसाठी म्हणून भर दुपारी लाइट जायची आणि भट्टी मध्येच गार पडायची. लाइट आली की ती जुनी भट्टी कुठवर आलो होतो ते विसरून थेट वरच्या आकड्याकडे धावायची. आतलं सगळं वाया. हे सगळं करून, चाळून, धुवून, सुकवून नमुना पुण्याला जायचा आणि तीन-चार आठवड्यांनी फोटो यायचे. म्हणजे आपण चुकलो हेसुद्धा मला महिन्यातून एकदाच कळायचं.

त्याच एप्रिलमध्ये आई आली. आम्ही केम गावचे. तिथं कुंकवाचे कारखाने आहेत आणि आई त्यांतल्याच एकात चाळायला आणि पुड्या भरायला जाते, मी शाळेत असल्यापासून. तिला डोळ्यांच्या डॉक्टरला दाखवायचं होतं. सकाळच्या गाडीनं आली, डॉक्टरकडचं झालं, आणि म्हणाली, "तुझं कालेज तरी दाव की. बघितलंच न्हाय मी." तिला घेऊन गेले. प्रयोगशाळेत ती दारातच थबकली, चपला काढायला लागली. मी नको म्हटलं. मग आत येऊन एकेक वस्तू बघत हात पाठीमागे बांधून उभी राहिली, देवळात उभं राहावं तशी.

टेबलावर काचेच्या बशीत माझी पांढरी भुकटी होती.

"ह्ये व्हय तुझं?"

"हो. पण हे चुकलेलं आहे."

"मग बरूबर कसलं असतंय?"

"तेही असंच दिसतं, आई. पांढरंच."

ती बशीवर वाकली. "मग चुकलं म्हून कसं कळतंय?"

"पुण्याला पाठवायचं. तिथं मोठ्या मशीनवर बघतात."

"आमच्याकडं बोटावर घेतलं की कळतंय," ती म्हणाली आणि तिनं सहज हात पुढे केला. चिमटीत घेऊन अंगठ्यानं घासून बघायला. कुंकू ती तसंच बघते, गुठळी आहे का, रवाळ आहे का.

मी तिचा हात धरला. "हात लावू नको."

ती भुकटी नाकात गेलेली चांगली नाही, एवढंच मला म्हणायचं होतं. पण मी दीड वर्षाच्या वैतागात म्हणाले आणि आवाज वाईट लागला. आईनं हात मागे घेतला. तिच्या बोटांच्या पेरांत आणि नखांच्या कडेला कुंकवाचा लाल रंग कायमचा बसलाय, कितीही घासलं तरी जात नाही. तिनं ती बोटं पदराखाली घेतली. आपल्या हाताचा रंग लागेल म्हणून पोरगी नको म्हणाली, असं तिला वाटलं. मला ते तिथंच कळलं. मी बोलायला हवं होतं. मी बशीवर झाकण ठेवलं आणि म्हणाले, "चल, गाडीची वेळ होईल."

स्टेशनवर ती म्हणाली, "कवा हुईल तुझं? लोक इचारत्यात की."

"माहीत नाही."

"बरं. चाललंय म्हून सांगते."

गाडी गेल्यावर मी फलाटावरच्या बाकड्यावर बसले. राग कुणाचा आला होता तेच कळेना. वाळूचा, सरांचा, आईचा की माझा. तो राग घेऊन मी परत प्रयोगशाळेत गेले आणि बाटलीतून अमोनिया मोजून घेताना ओंजळभर सांडला. डोळ्यांतून पाणी काढायला निमित्त झालं.

मे महिन्यात प्रगती अहवालाची बैठक होती. समितीत बाहेरचे दोन प्राध्यापक होते. मी काय केलं, किती वेळा केलं, सगळं सांगितलं. एकानं विचारलं, "पद्धत तर इथलीच आहे ना? छापलेली आहे." सर माझ्या शेजारी बसले होते. ते वाईट माणूस नव्हते, हे आधीच सांगते. माझी अर्धी फी त्यांनी एकदा गुपचूप भरली होती. पण त्या दिवशी ते समितीकडे बघत म्हणाले, "पद्धतीत काही नाही. हिच्या हाताला गुण नाही अजून. येईल."

मी कागद गोळा केले. बाहेर आले, पाणी प्यायले आणि दादाला फोन लावला. तो तेव्हा चिंचोळी एमआयडीसीत एका रसायनांच्या कारखान्यात गुणवत्ता तपासणीला होता. म्हणाला, शनिवारी दोन वाजता पाळी सुटते, ये.

शनिवारी मी स्कूटर घेऊन गेले. उन्हानं हँडलला हात लावता येत नव्हता, स्कार्फच्या टोकानं धरून चालवली. कारखान्याच्या फाटकासमोर चहाची टपरी होती, तिथल्या पत्र्याच्या सावलीत आम्ही बसलो. दादा कंपनीच्या निळ्या शर्टात होता, जाड झाला होता. दोन वर्षांची मुलगी आहे म्हणाला. फोटो दाखवला. मी बघितला, छान आहे म्हटलं आणि मग थेट विचारलं.

"दादा, पोकळ कण किती होते?"

"म्हणजे?"

"नमुन्यात. किती पोकळ होते आणि किती भरीव?"

त्यानं चहाचा ग्लास बाकड्यावर ठेवला. "पेपरात आहेत तेवढे."

"पेपरात तीन आहेत."

"तेवढेच होते."

टपरीवाल्यानं स्टोव्हला पंप मारला. त्या आवाजात मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. पण दादा माझ्याकडे बघत नव्हता, रस्त्याकडे बघत होता.

"पुण्याला दोन दिवस मशीनवर बसलो होतो," तो म्हणाला. "इकडून तिकडे शोधत. सगळं भरीव, नाहीतर फुटकं. वेळ संपायला अर्धा तास राहिला तेव्हा एका कोपऱ्यात ते तीन सापडले. शेजारी शेजारी. फोटो काढला आणि सरांना दिला."

"आणि बाकीचे फोटो?"

"बाकीचे कुणी मागितले नाहीत."

"सरांना माहीत होतं?"

"मी सांगितलं नाही. त्यांनी विचारलं नाही. मुदत संपत आली होती माझी, लग्न ठरलं होतं." मग जरा थांबून, "फोटो खोटा नाही तो. ते तीन खरेच आहेत."

"दीड वर्ष, दादा."

"मला वाटलं तू विषय बदलशील. सगळे बदलतात."

मला त्याला बोलायचं होतं. खूप बोलायचं होतं, वाटेत जुळवलंही होतं. पण तो इतका ओशाळून बसला होता की बोलण्यात काही अर्थ राहिला नाही, आणि त्याचाही मला रागच आला. मग मी पर्समधून कागद काढला. मी प्रश्न लिहून नेले होते, वीस-एक. मणी किती दिवसांचे शिळे होते, अमोनियाची बाटली नवी होती का, पाणी कुठलं, ढवळायला चुंबक किती लांबीचं. तो एकेकाचं उत्तर देत गेला. सोळावा की सतरावा प्रश्न होता, कोणत्या महिन्यात केलं.

"डिसेंबर. नाताळची सुट्टी होती, कॉलेज रिकामं होतं, रात्रीच करायचो. गार लागायचं म्हणून खिडक्या लावून, स्वेटर घालून बसायचो."

मी लिहून घेतलं आणि पुढचा प्रश्न विचारला. खरंच विचारला. त्या उत्तरापाशी मी थांबलेच नाही.

सोमवारी प्रयोगशाळेत गेल्यावर ती यादी पुन्हा वाचायला घेतली तेव्हा डोक्यात शिरलं. टेबलावर थर्मामीटर आडवा ठेवला. सकाळी अकरा वाजता एकोणचाळीस अंश. युरोपातल्या पुस्तकात लिहिलेलं खोलीचं तापमान पंचवीसच्या आत असतं. दादाच्या डिसेंबरात ते त्याहून कमी असेल. माझ्या खोलीत चाळीस. हिवाळ्यातही मी भर दुपारी, शेजारी भट्टी चालू ठेवून काम करायचे, तेव्हाही ते तिशीच्या वरच असायचं. उष्णतेत सिलिका घाई करते. मण्यावर सावकाश साय धरण्याऐवजी ती जागच्या जागी आपलेच गोळे बांधते आणि मणी तसेच उघडे राहतात. भट्टीत मणी जळून जातात आणि हाती उरतात सिलिकाचे स्वतःचे भरीव गोळे. हे मला येत होतं. बी.एस्सी.च्या पोरींना तापमान आणि अभिक्रियेचा वेग मीच शिकवत होते, फळ्यावर आलेख काढून. दीड वर्ष मी वहीतला एक शब्द वाचत राहिले आणि खोलीत घाम पुसत राहिले, पण दोन्ही एकत्र केलं नाही. सरांचं हाताला गुण नसण्याचं वाक्य मला तेव्हा जास्तच टोचलं, कारण आता त्यात थोडं खरं होतं.

एसीसाठी अर्ज केला. अर्ज वर गेला आणि वरच राहिला. एसी प्राचार्यांच्या केबिनमध्ये होता आणि संगणकाच्या खोलीत होता, तिथं अमोनिया चालणार नव्हता. मग मी बर्फ आणायला लागले. सात रस्त्याच्या पुढे एक बर्फवाला होता. पहिल्या दिवशी थर्माकोलची पेटी घेऊन गेले तर त्यानं विचारलं, "कार्यक्रम किती माणसांचा हाय?"

"कार्यक्रम नाही. प्रयोगाला हवाय."

"कसला?"

"वाळूचे गोळे करायचेत."

त्यानं माझ्याकडे एकदा नीट बघितलं आणि लादी फोडायला घेतली. "मग बारीक करून देतो," म्हणाला. तो नंतर कधी काही विचारायचा नाही. मला बघितलं की सळई उचलायचा.

बर्फ स्कूटरवर पायांपाशी ठेवून न्यायचा. सिग्नल लागले की पेटीच्या फटीतून पाणी ठिबकायचं आणि सँडल भिजायची. कॉलेजात पोचेपर्यंत एक चतुर्थांश गेलेला असायचा. तो टबमध्ये घालायचा, टबात भांडं बसवायचं, तापमान वीसच्या खाली धरायचं आणि सहा तास तिथंच उभं राहायचं. जरा वर गेलं की मूठभर बर्फ, जरा खाली गेलं की थोडं पाणी. रसायन थेंब थेंब, आधीपेक्षा चौपट सावकाश. जेवायला जाता यायचं नाही. पहिले तीन प्रयोग वाया गेले. एकदा रसायन सोडणारा पंप अडकला, एकदा बर्फाचं पाणी भांड्यात शिरलं, एकदा सगळं नीट झालं आणि दुसऱ्या दिवशी भट्टीत असताना लाइट गेली.

चौथ्याचे फोटो ऑगस्टमध्ये आले. या वेळी मी थांबले नाही, रसायनं घेऊन आलेल्या कुरिअरवाल्याला सही देतानाच मेल उघडला. बांगड्या होत्या. कड काळी, मध्ये फिकट, फोटोभर. मी त्या कुरिअरवाल्याला पेन परत द्यायचं विसरले. मग फोटो मोठा करून बघितला. निम्म्याहून जास्त फुटलेल्या होत्या. कुणाचा तुकडा उडालेला, कुणाची नुसती कोर उरलेली. कासाराच्या दुकानात पेटी पडल्यावर असावं तसं ते दिसत होतं.

कारण मला अंदाजानं माहीत होतं. भट्टी भराभर तापली तर आतला मणी एकदम पेट घेतो, त्याचा वायू छिद्रांतून निघायला वेळ मिळत नाही आणि कवच फुटतं. आमच्या भट्टीला तितकं सावकाश तापायचं येतच नव्हतं. मग पुढचे दोन महिने मी सकाळी आठला भट्टीसमोर खुर्ची टाकून बसायचे आणि दर दहा मिनिटांनी हातानं काटा दहा अंश वर करायचे. संध्याकाळी पाचपर्यंत. त्या खुर्चीत मी तीन जाड संदर्भग्रंथ वाचले आणि त्यांतलं एकही पान आज आठवत नाही. फुटण्याचं प्रमाण कमी झालं. पण थांबलं नाही. निम्म्याच्या जवळपास कण फुटतच राहिले.

फोटो घेऊन सरांकडे गेले. ते खरंच खूश झाले. लाल पेन काढून त्यांनी छापील फोटोंवर गोल करायला सुरुवात केली. "हा घे. हा कोपरा घे. इथं बघ, पाच आहेत सलग. एवढं कापून मोठं कर. झाला तुझा पेपर."

"सर, सगळा फोटो देऊ या. फुटके पण."

"कशाला?"

मी मे महिन्यापासून पोटात ठेवलेलं तेव्हा सांगितलं. दादा, पुण्याचे दोन दिवस, शेवटचा अर्धा तास, कोपऱ्यातले तीन कण. सरांनी फोटो बाजूला ठेवले. पेनाचं टोपण लावलं, परत काढलं. मग म्हणाले, "त्या पेपरवर माझं नाव आहे."

"हो सर."

"मी विचारलं नाही त्याला. एवढा चांगला फोटो आल्यावर कोण विचारतं?" त्यांनी फोटो परत पुढे ओढले. "तुझा सगळा फोटो दिला तर नाकारतील."

"नाकारू देत."

"मुदत तुझी संपतेय, माझी नाही," ते म्हणाले. चिडून नव्हे, माहिती द्यावी तसं. "पण तुझं म्हणणं बरोबर आहे. दे सगळा."

दुसऱ्या दिवशी दाराशेजारचा मोठा फोटो भिंतीवर नव्हता. चार खिळ्यांची भोकं होती फक्त. जुन्या पेपरबद्दल जर्नलला दुरुस्तीचं पत्र लिहायचं सर म्हणाले होते. त्यांनी मसुदा केला, मला दाखवला, दोन शब्द बदलले, परत बदलले. पत्र गेलं की नाही मला अजून कळलेलं नाही. मी दोनदा विचारलं, दोन्ही वेळा ते म्हणाले, "करतो या आठवड्यात." तिसऱ्यांदा विचारणं माझ्याच्यानं झालं नाही. त्यात माझाही भ्याडपणा होता, कारण माझ्या प्रबंधावर त्यांची सही व्हायची होती.

पेपर नाकारला गेला. परीक्षकानं लिहिलं होतं, निम्मे कण फुटत असतील तर याला पोकळ कण करण्याची पद्धत कसं म्हणायचं. दुसरीकडे पाठवला, तिथंही थोड्याफार फरकानं तेच. चिडायचं म्हटलं तरी चिडता येत नव्हतं, त्यांचं बरोबर होतं. पण दादाचा पेपर मात्र लोक अजून संदर्भाला घेत होते. मलाही घ्यावा लागला. प्रबंधात मी एक वाक्य लिहिलं, की ही कृती उन्हाळ्याच्या तापमानात आम्ही अनेकदा केली आणि एकही पोकळ कण मिळाला नाही. ते एक वाक्य लिहायला मला एक आख्खा दिवस लागला. शेवटी शीर्षक बदलून, 'पोकळ कणांच्या कवचाची मोडतोड' असं काहीतरी करून, एका लहान जर्नलनं पेपर घेतला. औषध भरायचं काम, ज्यासाठी मी तिथं गेले होते, ते प्रबंधाच्या शेवटच्या प्रकरणात जेमतेम बारा पानांत उरकलं.

मौखिक परीक्षेला बाहेरून एक वयस्कर बाई परीक्षक म्हणून आल्या होत्या. प्रबंधाला त्यांनी खुणेसाठी जागोजागी बसची तिकिटं लावली होती. सगळे रीतीचे प्रश्न झाल्यावर त्यांनी फुटक्या कणांचा फोटो उघडला आणि चष्मा कपाळावर चढवून बराच वेळ बघितला.

"हे का फुटतात?"

मी भट्टीचं सांगितलं. वायूचं सांगितलं. कवचाच्या जाडीचं सांगितलं.

"ते वाचलं मी. पण काटा इतका सावकाश वर नेलात तरी निम्मे फुटले. मग ते कारण पुरत नाही. बरोबर?"

"बरोबर."

"मग का फुटतात?"

सर खुर्चीत सावरून बसले. मागे विभागातले लोक बसले होते. मला काहीतरी बोलता आलं असतं, अशा वेळी बोलायची वाक्यं असतात. पण मी इतकी थकले होते की ती जुळवायचाही कंटाळा आला.

"मला माहीत नाही," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली आणि फोटोखाली पेन्सिलीनं काहीतरी टिपून घेतलं. "मलाही माहीत नाही," त्या म्हणाल्या. "आमच्याकडेही फुटतात. आम्ही ते छापत नाही." आणि पान उलटून त्यांनी पुढचा प्रश्न विचारला.

पदवी मिळाली. आईला फोन केला तेव्हा ती कारखान्यात होती, मागे चाळण्यांचा आवाज येत होता. झालं म्हटलं. ती म्हणाली, "झालं व्हय? बरं झालं बाई. लई दिस लागलं." त्या दिवशी हात लावू नको म्हटलं होतं, त्याबद्दल तेव्हा तरी बोलावं असं वाटलं. पण तिच्याकडे माल भरायचा राहिला होता, तिनं फोन ठेवला.

आता मी दुसऱ्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते. तिथं संशोधनाला प्रयोगशाळा नाही. परवा एकीनं विचारलं, मॅडम, तुमच्या पीएच.डी.त काय निघालं. तास संपायला पाच मिनिटं होती. मी फळा पुसत म्हणाले, उन्हाळ्यात करू नये एवढं निघालं. मुली हसल्या. मला हसू आलं नाही. मी उरलेल्या पाच मिनिटांत त्यांना फळ्यावर फुटका कण काढून दाखवला आणि तो का फुटतो याची मला ठाऊक असलेली सगळी कारणं सांगितली, आणि ती पुरत नाहीत हेही सांगितलं.